पूर्वेकडील मालिका आणि मराठी घर

नाट्याची आवड ही महाराष्ट्राची जुनी आवड होय, आणि नागपूरकर तीस अपवाद नाहींत. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. तेव्हांपासून कित्येक घरांतील मंडळींनीं रात्रींचीं जेवणें आटोपून रेडिओभोंवतीं बसून श्रुतिका ऐकल्या. पुढें दूरदर्शन आलें, आणि कानांबरोबर डोळेही गुंतले. आज त्याच घरांत एक निराळी आवड शिरली आहे. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर गाडी बदलणारी महाविद्यालयीन मुलगी हातांतील मोबाईलवर जी कथा पाहत असते, ती पुष्कळदां ना मुंबईची असते, ना दिल्लीची. ती सोल, टोकियो वा तैपेई येथील असते. संध्याकाळीं तीच कथा घरच्या पडद्यावर लागते, आणि शेजारीं बसलेली आजीही ती पाहूं लागते.

या आजीचेंच मत येथें विचारांत घ्यावयाचें आहे. तरुण पिढीस या मालिका आवडतात, यांत नवल नाहीं. तरुणांस नवें आवडतेंच. परंतु जिनें मराठी रंगभूमि पाहिली, दूरदर्शनवरील पहिल्या मालिका पाहिल्या, आणि कोरिया नकाशावर कोठें आहे हें शोधण्याची जिला कधीं गरज पडली नाहीं, तिला त्या आपल्याशा कां वाटाव्यात? बर्डीवरील अशी एखादी गृहिणी डोळ्यांपुढें आणिली, तर तिचीं मतें साधारणपणें तीन निघतात : या कथा संपतात, या कथांत घर दिसतें, आणि या कथांत माणसें एकमेकांशीं रीतीनें बोलतात. तिन्ही मतांत तथ्य आहे. परंतु तिसऱ्यांत तें सर्वांत अधिक आहे, आणि नेमकें तेंच तिच्यापर्यंत पोंचतां पोंचतां हरवतें.

या मालिका भारतांत आल्या कशा, हें आधीं थोडक्यांत पाहूं. पूर्व आशियाशीं नागपूरचा संबंध तसा नवा नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर दीक्षाभूमीमुळें या शहराचें नांव बौद्ध जगांत पोंचलें, आणि जवळच कामठी येथें जपानी साहाय्यानें १९९९ मध्यें ड्रॅगन पॅलेस हें बुद्धमंदिर उभें राहिलें. परंतु मालिकांची वाट वेगळी. मणिपुरांत २००० सालीं एका बंडखोर संघटनेनें हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हां तेथील घरांत कोरियाच्या 'आरिरांग' वाहिनीनें प्रवेश मिळविला. २००६ मध्यें दूरदर्शननें कोरियन मालिका हिंदींत रूपांतर करून दाखविल्या. 'एम्परर ऑफ द सी' व 'ज्युएल इन द पॅलेस' या त्यांतील प्रमुख होत. पुढें २०२० च्या टाळेबंदींत लोक घरांत अडकले, आणि त्या एका वर्षांत भारतांतील कोरियन मालिकांचें पाहणें आधींच्या वर्षाच्या तुलनेनें ३७० टक्क्यांहून अधिक वाढलें, असें नेटफ्लिक्स कंपनीनें सांगितलें. म्हणजे ईशान्येच्या डोंगरांत जें लाटेचें टोक दिसलें, तें वीस वर्षांनीं मध्य भारताच्या दिवाणखान्यांत येऊन पोंचलें.

आतां पहिलें मत : या कथा संपतात. कोरियन मालिका सामान्यतः सोळा भागांची असते. प्रत्येक भाग सुमारें तासाभराचा, आठवड्यांतून लागोपाठ दोन दिवस. म्हणजे दोन महिन्यांत कथेचा निकाल लागतो. जपानी मालिका बहुधा आठवड्यांतून एकदां येते आणि दहा-अकरा भागांत, एका तिमाहींत आटोपते. जपानची सार्वजनिक वाहिनी एन. एच. के. हिची सकाळची पंधरा मिनिटांची मालिका १९६१ पासून चालत आली आहे; परंतु तेथेंही एक कथा सहसा सहा महिन्यांच्या पलीकडे जात नाहीं. चीनमध्यें मालिका लांबविण्याचा रोग होता. तेथील नियामक खात्यानें फेब्रुवारी २०२० मध्यें मालिका चाळीस भागांच्या आंत ठेवावी, असें बजावलें. याच्या शेजारीं आपली 'चार दिवस सासूचे' ठेवावी. ती २००१ मध्यें सुरू झाली, २०१३ मध्यें थांबली, आणि तिचे भाग तीन हजारांहून अधिक झाले. नांवांत चार दिवस असतांना प्रत्यक्षांत अकरा वर्षें लागलीं!

हा फरक अभिरुचीचा नाहीं, हिशेबाचा आहे. आपल्याकडे वाहिनीचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतें आणि जाहिरातींचा दर प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आंकड्यांवर ठरतो. लोकांस लागलेली मालिका बंद करून नवी उभारणें, म्हणजे नवा खर्च आणि नवी जोखीम. मग जुनीच ताणली जाते. कथेस शेवट ठाऊक नसला, म्हणजे मेलेला माणूस परत येतो, मिटलेलें भांडण पुन्हां पेटतें, आणि पात्रांचे स्वभाव आठवड्यागणिक बदलतात. सोळा भागांची मालिका बहुधा एकच लेखक आरंभापासून शेवटापर्यंत लिहितो. पहिल्या भागांत ठेवलेली वस्तु पंधराव्या भागांत उपयोगास यावी, इतकी योजना त्यास करतां येते. मराठी वाचकास ही शिस्त अपरिचित नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकांतून क्रमशः दिली. वाचक पुढील अंकाची वाट पाहत. परंतु यमूच्या जीविताची गति कोणीकडे आहे, हें लेखक विसरला नाहीं. क्रमशः येणें आणि निरुद्देश वाहणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

दुसरें मत : या कथांत घर दिसतें. २०१५-१६ मधील 'रिप्लाय १९८८' या वीस भागांच्या कोरियन मालिकेचें उदाहरण घ्यावें. सोल शहराच्या सांगमुन-दोंग भागांतील एका बोळांत पांच कुटुंबें राहतात. संध्याकाळीं एका घरीं कांहीं केलें कीं आई मुलाच्या हातीं वाडगा देऊन शेजारीं धाडते. शेजारीण तो रिकामा परत करीत नाहीं. आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बोळांतील मुलें इकडून तिकडे वाडगे पोंचविण्यांतच दमून जातात. ज्यांचें बालपण महालांतील किंवा बर्डीवरील जुन्या वाड्यांत गेलें, त्यांस हें कोणीं समजावून द्यावें लागत नाहीं. आपल्याकडे वाटी जात असे, तेथें वाडगा जातो, इतकाच भेद. जपानच्या 'मिडनाइट डायनर' या २००९ पासूनच्या मालिकेंत मध्यरात्रीं उघडणारी एक लहानशी खाणावळ आहे. गिऱ्हाईक एखादा साधा पदार्थ मागतें आणि त्या पदार्थामागची हकीकत अर्ध्या तासांत उलगडते. जेवण हें तेथें सजावट म्हणून येत नाहीं. तें माणसाच्या मनाचें दार असतें. "जेवलास का?" हा प्रश्न कोरियांत कुशल विचारण्याच्या अर्थानें केला जातो, हें ऐकून कोणती मराठी आई परकेपणा मानील?

घर दिसतें म्हणजे घरांतील अन्यायही दिसतो. जपानची 'ओशिन' ही मालिका ४ एप्रिल १९८३ पासून ३१ मार्च १९८४ पर्यंत, २९७ भागांत चालली. सकाळच्या मालिकांत ती अपवादात्मक. सहा महिन्यांऐवजीं तिला वर्ष मिळालें. लेखिका सुगाको हाशिदा. जपानांत तिचा सरासरी प्रेक्षकवर्ग ५२.६ टक्के होता, आणि पुढें ती साठाहून अधिक देशांत दाखविली गेली. यामागाता प्रांतांतील कूळकुटुंबांत जन्मलेली ओशिन सातव्या वर्षीं तांदुळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यांत चाकरीस जाते; १९२३ च्या भूकंपांत तिचा जमलेला संसार कोसळतो; सासरीं छळ सोसावा लागतो; युद्धांत मुलगा जातो; आणि तरीही ती दुकान उभारते. पोटासाठीं लहान मुलीस कामावर लावणें, हें आपल्या खेड्यांनीं पाहिलेलें दुःख आहे.

मार्च २०२५ मध्यें आलेली 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' ही सोळा भागांची कोरियन मालिकाही याच जातीची. ती जेजू बेटावरील आहे. तेथें 'हेन्यो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका श्वास रोखून समुद्रांत बुडी मारतात व शंखशिंपले काढून संसार चालवितात. त्यांच्या या परंपरेस २०१६ मध्यें युनेस्कोच्या वारसा-यादींत स्थान मिळालें. कथेंतील ए-सुन अशाच एका बुडी मारणाऱ्या आईची मुलगी. तिला कवयित्री व्हावयाचें असतें. लग्नानंतर सासरीं पुरुषांचें ताट वेगळें आणि बायकांचें वेगळें. तिचा नवरा ग्वान-शिक तोंडानें फारसा बोलत नाहीं. तो जेवतांना पुरुषांकडे पाठ फिरवून बायकोच्या बाजूस तोंड करून बसतो. भाषण नाहीं, रडारड नाहीं. एक माणूस केवळ कूस बदलतो, आणि घरची जुनी व्यवस्था हलते. ज्या मराठी स्त्रीनें पुरुषांची पंगत उठल्यावर जेवण्यांत जन्म घालविला, तिच्या डोळ्यांत या ठिकाणीं पाणी उभें राहिलें, तर त्यास भाबडेपणा म्हणूं नये.

परंतु येथें थोडी सावधगिरी हवी. आपल्यापर्यंत येतो तो निवडलेला माल असतो. रोज लागणाऱ्या, शंभरांहून अधिक भागांच्या मालिका कोरियांतही आहेत. त्यांत दुष्ट सासवा आहेत, अदलाबदल झालेलीं मुलें आहेत, आणि जन्माचीं गुपितेंही आहेत. नांवाजलेल्या मालिकांतसुद्धां श्रीमंत घराण्याचा वारस गरीब मुलीवर लुब्ध होतो, अपघातानें स्मृति जाते, आणि ऐन वेळीं असाध्य रोग उद्भवतो. आजीबाईंनीं "हें आमच्याकडेही होतें" असें म्हणून हंसावें, हेंच योग्य. ऐतिहासिक मालिकांस इतिहास समजणें तर सर्वथा चूक. 'ज्युएल इन द पॅलेस' मधील राजवैद्य स्त्री जांग-गम हिचा उल्लेख सोळाव्या शतकांतील दरबारी इतिवृत्तांत तुरळक ओळींपुरता आहे. तेवढ्यावर २००३-०४ मध्यें चौपन्न भागांचा प्रासाद बांधला गेला. प्रासाद सुंदर आहे, पण तो कल्पनेचा आहे. तसेंच, ज्या देशाच्या मालिकांत सोळाव्या भागीं बहुधा प्रेम सफळ होतें, त्याच दक्षिण कोरियांत २०२३ मध्यें एका स्त्रीमागें अपत्यांचें सरासरी प्रमाण ०.७२ इतकें खालावलें होतें. घरांच्या किंमती, कामाचे लांब तास व शिक्षणाची चुरस यांनीं तेथील तरुण संसारास बिचकतात. पडद्यावरचें घर हें पुष्कळदां समाजानें गमावलेल्या घराचें स्वप्न असतें. आपल्यासही तें आवडतें, याचें कारण कदाचित् हेंच असेल, कीं आपलेही वाडे पडले आणि वाट्या थांबल्या.

आतां तिसरें मत : या कथांत माणसें एकमेकांशीं रीतीनें बोलतात. आजीबाईंस कोरियन येत नाहीं; तरीही स्वरावरून आणि मान लववण्यावरून त्यांस हें जाणवतें. त्यांचें जाणवणें अचूक आहे. कोरियन भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, मराठींत येतें तसेंच; आणि समोरचा माणूस वडील कीं धाकटा, परका कीं आपला, हें त्या क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळतें. आदराच्या बोलण्यास तेथें 'जोंदेन्मल' म्हणतात, सलगीच्या बोलण्यास 'बान्मल'. दोन तरुण प्रथम आदरानें बोलतात. मग एके दिवशीं त्यांतील एक सलगीच्या बोलीवर येतो, आणि प्रेक्षकांस कळतें कीं मनें जुळलीं. मराठींत हेंच 'तुम्ही' वरून 'तूं' वर येणें होय. वडील माणसास नांवानें हांक मारणें तेथें शिष्टसंमत नाहीं. धाकटी मुलगी वडील भावास 'ओप्पा' म्हणते, आणि प्रियकरासही पुष्कळदां तोच शब्द लावते. बायको नवऱ्यास आणि नवरा बायकोस 'योबो' म्हणतात. तें आपल्या 'अहो' च्याच कुळांतलें. शेजारणी एकमेकींस मुलाच्या नांवानें, म्हणजे 'अमक्याची आई' असें संबोधितात. 'बंडूची आई' म्हणणाऱ्या समाजास यांत शिकण्याजोगें कांहीं नाहीं. बर्डीच्या मेन रोडवरील दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकासही 'भाऊ', 'ताई', 'काकू' म्हणूनच हांक मारतो. नातें नसलेल्या माणसास नात्याचा शब्द देणें, ही दोन्हीकडची रीत आहे.

हें सारें इंग्रजींत कोठें जातें? आपल्याकडे पोंचणाऱ्या मालिका बहुतेक इंग्रजी सबटायटलांसह, म्हणजे पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या अक्षरांसह, किंवा हिंदी आवाजांत असतात. मराठी रूप क्वचितच मिळतें. इंग्रजी अक्षरांत आदराचें आणि सलगीचें संबोधन एकच होतें. 'ओप्पा' च्या जागीं त्या तरुणाचें नांव येतें. ज्या क्षणासाठीं लेखकानें सात भाग वाट पाहिली, तो क्षण तळच्या ओळींत उमटतच नाहीं. इंग्रजीचा यांत दोष नाहीं. त्या भाषेची घडणच वेगळी. तिनें आपली उणीव ओळखलीही आहे : सप्टेंबर २०२१ मध्यें ऑक्सफर्ड इंग्रजी कोशानें कोरियाकडून आलेले वीसहून अधिक शब्द एकदम दाखल करून घेतले, आणि त्यांत 'ओप्पा' आहे. इंग्रजीस जो शब्द उसना घ्यावा लागला, त्याची जागा भरण्यास मराठींत 'दादा' पासून 'अहो' पर्यंत शब्दांची रांग उभी आहे.

वर सांगितलेल्या जेजू बेटाच्या मालिकेचें नांवच पाहावें. मूळ नांव त्या बेटाच्या बोलींतील आहे, आणि त्याचा अर्थ 'फार कष्ट घेतलेत' असा कृतज्ञतेचा होतो. इंग्रजी नांवांत संत्रीं आलीं, एका इंग्रजी म्हणीवरची कोटी आली, आणि कष्ट मात्र गेले. नागपूर ही संत्र्यांचीच नगरी. तरीही येथील माणसास त्या मूळ नांवाचें भाषांतर संत्र्यांवांचून अधिक चांगलें करतां येईल. वऱ्हाडांतील एखादी सासुरवाशीण माहेरीं आल्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हातारी म्हणते, "लय राबली वं माय!" बोलीचें भाषांतर बोलीनेंच होतें, तें असें.

म्हणून या विषयांत खरी हानि कोणाची, हें पाहिलें पाहिजे. नात इंग्रजी भरभर वाचते. तिला निम्मा अर्थ मिळतो, आणि उरलेला ती हळूहळू कोरियन शब्द शिकून भरून काढते. आजीस ती धांवती अक्षरें वाचतां येत नाहींत. हिंदी रूपांतर असलें तर तिला बरेंच कळतें, कारण हिंदींतही आप, तुम, तू हे भेद आहेत. परंतु तें नसलें, तर ती नातीकडे पाहते, आणि नात घाईनें दोन शब्दांत सांगून मोकळी होते. ज्या कथांतील प्रत्येक शब्द वडीलधाऱ्यांशीं कसें बोलावें हें शिकवितो, त्या कथा पाहतांना घरांतील वडीलधारेंच माणूस बाहेर राहतें!

यावर उपाय मराठीच्या आटोक्यांतला आहे. परक्या कलाकृति आपल्याशा करण्याची विद्या मराठीस नवी नाहीं. देवलांनीं 'ऑथेल्लो' चा 'झुंझारराव' केला, आणि तो मराठी रंगभूमीचा झाला. तेत्सुको कुरोयानागी या जपानी दूरचित्रवाणीच्या ख्यातनाम निवेदिका. १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'तोत्तोचान' हें शाळेच्या आठवणींचें पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांनीं मराठींत आणिलें, आणि टोकियोची ती आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा महाराष्ट्रांतील शिक्षकांच्या बोलण्यांतली झाली. तेथें भाषा आड आली नाहीं. भाषाच पूल झाली. १९२३ मध्यें स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ सीताबर्डीवरच आहे; अशा संस्थांनीं मालिकांचे संवाद मराठींत उतरविण्याचे वर्ग चालविले, कोरियन व जपानी शिकणाऱ्या मुलामुलींस त्यांत ओढलें, तर त्यांच्या छंदास विद्येचें रूप येईल. कंपन्या मागणीकडे पाहतात. मराठी प्रेक्षकानें मराठी अक्षरें मागितलीं नाहींत, तर तीं कोणी आपण होऊन देणार नाहीं.

तोंवर घरांत करण्याजोगें एक काम आहे, आणि त्यास खर्च नाहीं. नातीनें मालिका क्षणभर थांबवावी आणि आजीस सांगावें, कीं आतां त्यानें तिला 'तुम्ही' सोडून 'तूं' म्हटलें. एवढें एक वाक्य सांगितलें, तर पुढचें आजीस सांगावें लागणार नाहीं. उलट, त्या 'तूं' चा अर्थ तीच नातीस अधिक चांगला समजावून देईल.